'डबल इन्डेम्निटी'तली माणसं इतकी सपाट का बोलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नाट्यशिबिरात अभिनयाचा नमुना म्हणून 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) हा हॉलिवूडचा चित्रपट दाखवला गेला. प्रश्न विचारणारे स्वतः एकांकिकांत काम करतात, आणि चित्रपट पाहून त्यांची निराशा झाली. नायक सगळं एकाच पट्टीत बोलतो, नायिकेच्या केसांचा टोप उघडउघड खोटा दिसतो, खुनाच्या प्रसंगातसुद्धा कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मग या कामांचं एवढं कौतुक कशासाठी? जुनं आहे म्हणून चांगलं म्हणायचं का?

जुनं आहे म्हणून मुळीच म्हणू नका. माझं आयुष्य नाटकाच्या तालमींत आणि डबिंगच्या स्टुडिओत गेलं आहे. डबिंगच्या कामात एक सवय अंगात मुरते: चेहऱ्याकडे बघायच्या आधी माणसाचा श्वास ऐकायचा. वाक्याला हवा कुठून घेतली, ती कुठे संपली, कोणत्या शब्दाआधी माणूस किंचित अडला, हे पकडल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज त्या ओठांवर बसतच नाही. त्या कानाने मी हा चित्रपट कितीतरी वेळा ऐकला आहे. आणि तुम्ही जे टिपलंत ते बरोबरच टिपलंत. नायक सपाट बोलतो, टोप खोटा दिसतो, चेहरे हलत नाहीत. ही कलाकारांची उणीव आहे असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तिथे मात्र मी तुमच्यापासून वेगळा होतो.

या गोष्टीतली दोन्ही मुख्य माणसं सतत कुणासमोर तरी नाटक करत असतात. नवऱ्यासमोर, साहेबासमोर, पोलिसांसमोर, शेवटी एकमेकांसमोरही. त्यांचा जीव काही दिसू न देण्यावर टांगलेला आहे. भावना दाखवणं नटाला तुलनेने सोपं जातं, त्याचीच तालीम आपण जन्मभर करतो. भावना आत आहे, ती दाबली जाते आहे, आणि दाबली जाते आहे हे समोरच्या पात्राला कळू न देता प्रेक्षकाला मात्र कळलं पाहिजे, ही कसरत फार थोड्यांना जमते. बार्बरा स्टॅनविक आणि फ्रेड मॅकमरे यांनी ती १०७ मिनिटं केली आहे. तुम्ही चित्रपट पाहिलेलाच आहे, तेव्हा शेवटासकट सगळं मोकळेपणी बोलतो.

चित्रपटाचं नाव विम्याच्या कागदांतून आलं आहे. अपघाताने मृत्यू झाला तर रक्कम दुप्पट, असं ते कलम. आपल्याकडे एलआयसीचे एजंट 'डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट' म्हणून जे समजावून सांगतात, त्याच कुळातलं. वॉल्टर नेफ (मॅकमरे) हा लॉस एंजेलिसमधला विमा विकणारा माणूस. मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला एका घरी जातो आणि त्या घरच्या बाईच्या, फिलिस डिट्रिक्सनच्या (स्टॅनविक), नादी लागतो. दोघं मिळून तिच्या नवऱ्याची सही फसवून अपघात विम्याच्या कागदावर घेतात, त्याला मारतात, आणि तो रेल्वेच्या डब्यातून पडून मेला असा देखावा उभा करतात. नेफच्या कंपनीत क्लेम तपासणारा बार्टन कीज आहे. खोटा दावा समोर आला की त्याच्या पोटात गोळा उठतो, जेवण पचत नाही.

या गोष्टीचं मूळ एका खऱ्या खटल्यात आहे. १९२७ साली न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या बाईने जड ग्रे या कॉर्सेटच्या विक्रेत्याला हाताशी धरून नवऱ्याचा खून केला होता. नवऱ्याच्या विम्यात दुप्पट भरपाईचं कलम होतं. जानेवारी १९२८मध्ये दोघांनाही सिंगसिंगच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवलं गेलं. जेम्स एम. केन या लेखकाने त्यावरून लिहिलेली छोटी कादंबरी १९३६ साली 'लिबर्टी' साप्ताहिकात क्रमशः आली. हॉलिवूडच्या आचारसंहितेचे, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या नियमांचे, राखणदार या कादंबरीकडे संशयाने पाहत होते, त्यामुळे चित्रपट व्हायला बरीच वर्षं जावी लागली. युरोपातून हिटलरच्या काळात निघून आलेल्या बिली वाइल्डर या दिग्दर्शकाने ती पॅरामाउंट स्टुडिओसाठी हातात घेतली.

इथे एक प्रसंग घडला. बोलण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. केन दुसऱ्या स्टुडिओच्या कामात होता, म्हणून वाइल्डरने पटकथेसाठी रेमंड चँडलरला बोलावलं. चँडलर रहस्यकथा लिहिणारा, पन्नाशी ओलांडलेला, पटकथेचा त्याला काडीचाही अनुभव नाही. दोघांचं एका खोलीत अजिबात जमेना. वाइल्डरला केनच्या कादंबरीतले संवाद तसेच ठेवायचे होते, कारण वाचताना ते धारदार लागतात. चँडलर म्हणाला, हे डोळ्यांसाठी लिहिलेले संवाद आहेत. शेवटी नटांना बोलावून ते मोठ्याने वाचून घेतले, आणि कागदावर चमकणारी ती वाक्यं तोंडातून अगदी मिळमिळीत निघाली. मग संवाद नव्याने लिहिले गेले. तुम्हाला जे एकाच पट्टीतलं वाटलं, ते असं कानाने पारखून घेतलेलं आहे. वाक्यं छोटी, ठोके ठरलेले, आणि एकाचं वाक्य संपतं तिथूनच दुसऱ्याचं सुरू होतं. तबल्यावर सवाल-जवाब चालावेत तशी ती चालतात. लय सांभाळायची असेल तर प्रत्येक वाक्यावर भावनेचा हिंदोळा देता येत नाही. दिला तर ठोका चुकतो.

पहिल्या भेटीतला वेगमर्यादेचा संवाद आठवा. नेफ जरा जास्तच सलगी करू लागतो तेव्हा फिलिस म्हणते की या राज्यात ताशी ४५ मैलांची मर्यादा आहे. तो विचारतो, मी किती वेगाने चाललो होतो? ती सांगते, नव्वदच्या आसपास. तिथून पुढे तो तिला हवालदार करतो, ती त्याला समज देऊन सोडते, समज लागू पडली नाही तर काय, बोटांवर फटका बसला तर काय, असं करत करत ती नवऱ्याच्या खांद्यावर गाडी आणून थांबवते. त्या अख्ख्या संवादात एकही शब्द उघड नाही, आणि दोघांच्याही मनात काय चाललंय याबद्दल पाहणाऱ्याला शंका उरत नाही. शिबिरात मी हा संवाद मुलांकडून करून घेतो तेव्हा जवळपास प्रत्येक जण डोळे बारीक करतो, आवाज खाली नेतो, हसू आणतो. आणि संवाद मरतो. मॅकमरे आणि स्टॅनविक तो हिशेबाच्या वहीतले आकडे वाचावेत तसा म्हणतात. म्हणून तो आजही जिवंत आहे.

आता मॅकमरेबद्दल. तो तोवर हलक्याफुलक्या चित्रपटांचा गोड नायक होता, त्याआधी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. खुनी विमा एजंट साकारायला हॉलिवूडमधले नावाजलेले नट तयार नव्हते, जॉर्ज राफ्टने नकार दिला होता. मॅकमरेलाही हे आपल्याला पेलेल असं वाटत नव्हतं. वाइल्डरने त्याला जवळजवळ ओढून आणलं. मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. दारावर येणारा, टोपी काढून हसणारा, आईलाही आवडेल असा माणूस. वाईटपणाची एकही खूण चेहऱ्यावर नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दृश्यात तो खुनी आहे हे भुवयांनी सांगून मोकळा झाला असता.

त्याच्या कामात दोन आवाज आहेत, आणि ते वेगळे ऐकू येईपर्यंत ते काम कळत नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री कचेरीत येतो, कीजच्या डिक्टाफोनसमोर, म्हणजे बोलणं ध्वनिमुद्रित करणाऱ्या यंत्रासमोर, बसतो आणि बोलू लागतो: कार्यालयीन टिपण, वॉल्टर नेफकडून बार्टन कीजला, लॉस एंजेलिस, १६ जुलै १९३८. पुढे तो सांगतो की मी त्याला पैशासाठी मारलं आणि एका बाईसाठी मारलं, पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही. हे वाक्य रडत म्हणता येतं, कडवट हसत म्हणता येतं. मॅकमरे ते हप्ता थकल्याची नोटीस सांगावी तसं म्हणतो. या माणसाचं सगळं संपलेलं आहे, आता फक्त कागद पूर्ण करायचा आहे. हा पहिला आवाज, मेलेल्या माणसाचा. दुसरा आवाज जुन्या नेफचा, म्हणजे जे घडत गेलं त्यातल्या विक्रेत्याचा. तो हलका आहे, चपळ आहे, स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

एकदा डोळे मिटून ऐका. निवेदन थांबून दृश्य सुरू होतं, त्या सांध्यावर आवाजाचं वय बदलतं. एकाच माणसाचा, काही आठवड्यांच्या अंतराचा आवाज, आणि मधे एक अख्खा जन्म गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते निवेदनाचा इतका नेमका वापर फार क्वचित झाला आहे. बहुतेक चित्रपटांत निवेदन जे दिसतंय तेच पुन्हा सांगतं. इथे निवेदनातल्या नेफला सगळं ठाऊक आहे आणि दृश्यातल्या नेफला काहीच ठाऊक नाही, आणि ही दरी मॅकमरेने फक्त आवाजाने उभी केली आहे.

तो फिलिसला 'बेबी' म्हणतो तेही मोजून पाहा. सुरुवातीला तो शब्द विक्रेत्याचा आहे, गिऱ्हाइकाच्या घरात पाय रोवायचा. मधल्या काळात तो धीर द्यायचा शब्द होतो. कट शिजत असताना तो हुकूम होतो. शेवटी गोळी झाडायच्या क्षणी तो पुन्हा येतो, आणि तेव्हा त्यात काहीच उरलेलं नसतं. शब्द एकच, पट्टीही जवळपास एकच. फरक फक्त हवेचा आहे, आवाजामागे किती श्वास आहे त्याचा.

टेलिफोनचं दृश्य मी विद्यार्थ्यांना सगळ्यांत जास्त वेळा दाखवतो. कीज नेफच्या खोलीत येऊन त्याला आपला मदतनीस हो असा आग्रह करत असतो. पगार कमी, पण काम डोक्याचं. कीज त्याच्यावर केवढा विश्वास टाकतोय ते त्या बोलण्यात भरलेलं आहे. तेवढ्यात फोन वाजतो. उचलतो कीज, आणि देतो नेफच्या हातात. पलीकडे फिलिस आहे. नवरा पाय मोडलेला असूनही आगगाडीनेच निघालाय, म्हणजे खून आज रात्री. नेफ तिला 'मार्जी' म्हणतो, नंतर फोन करू का विचारतो, आणि मग सहज कोणत्या रंगाचा घेतलास असं विचारतो. ती सांगते, गडद निळा. कीजला वाटतं मैत्रिणीच्या खरेदीची गोष्ट चालली आहे. खरं तर नेफ नवऱ्याच्या सुटाचा रंग विचारतोय, कारण रात्री त्याच रंगाचा सूट घालून त्याला नवऱ्याचं सोंग घ्यायचं आहे.

एकाच वेळी मॅकमरे तीन गोष्टी करतो आहे: मैत्रिणीशी गुलूगुलू, साथीदाराशी कामाचं, आणि समोर बसलेल्या मित्राशी खोटं. तुमच्या शिबिरातला एखादा नट इथे घाम पुसेल, पाठ फिरवेल, गळ्याशी हात नेईल. मॅकमरे यातलं काही करत नाही, कारण नेफने तसं केलं असतं तर कीजने त्याला तिथल्या तिथे ओळखलं असतं. पात्राने जे लपवायचं ठरवलं आहे, ते नटाने उघड केलं तर पात्र मूर्ख ठरतं. ही साधी गोष्ट मला स्वतःला समजायला तालमींची बरीच वर्षं लागली.

आणि मोटार सुरू न होण्याचा प्रसंग. प्रेत रुळांवर ठेवून दोघं परत गाडीत बसतात, फिलिस किल्ली फिरवते आणि इंजिन कुरकुरून बंद पडतं. पुन्हा, पुन्हा. दोघं एकमेकांकडे बघतात. शेवटी नेफ हात पुढे करतो आणि गाडी सुरू होते. वाइल्डरची स्वतःची गाडी एकदा अशीच सुरू होईना, त्यावरून त्याला हे सुचलं, आणि चित्रीकरणात तो मॅकमरेला अजून थांब, अजून थांब म्हणत राहिला. मॅकमरेला ते फार लांबतंय असं वाटत होतं. पडद्यावर तुम्ही बसल्या जागी श्वास धरता, आणि भान येतं तेव्हा लक्षात येतं की आपण दोन खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून मनात धावा करतो आहोत. चेहरे तेव्हाही फारसे हलत नाहीत. सगळं काम इंजिनाचा आवाज आणि दोन जोड्या डोळे करतात.

स्टॅनविककडे येताना आधी टोपाचा निकाल लावू. तो पिवळट, कपाळावर गुंडाळी केलेला टोप वाइल्डरने ठरवून घातला होता. ही बाई सवंग आणि बनावट दिसायला हवी होती. स्टुडिओतल्या वरिष्ठांना तो आवडला नव्हता, टीका तेव्हाही झाली. मला तो योग्य वाटतो. पायातली साखळी, भडक सुगंध, तो टोप: फिलिसने स्वतःला दुकानाच्या काचेत मांडलं आहे. नेफ शहाणा असता तर टोप पाहूनच परत फिरला असता. तो फिरत नाही, हा त्याचा स्वभाव आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

स्टॅनविक तेव्हा हॉलिवूडमधल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या अभिनेत्रींपैकी होती. जन्म ब्रुकलिनमधला, लहानपणीच अनाथ झालेली, किशोरवयात नाचाच्या तांड्यात पोट भरलेलं. असं बालपण काढलेल्या बाईला दया मागायची नसते, हे तिच्या सगळ्याच कामांत जाणवतं. तरी उघड खुनी बाई साकारायला ती कचरत होती. वाइल्डरने तिला विचारलं होतं की तू उंदीर आहेस की अभिनेत्री. तिने भूमिका घेतली.

तिच्या कामाची कळ अशी आहे की फिलिस स्वतः नटी आहे. ती घरात छळ सोसणारी बायको साकारते, नेफसमोर प्रेमात वेडी झालेली बाई, पोलिसांसमोर विधवा. नवऱ्याची मुलगी लोला नेफला एक आठवण सांगते: बापाच्या मृत्यूच्या आधीच फिलिस आरशासमोर काळी टोपी आणि जाळीचा बुरखा लावून बघत होती. म्हणजे शोकाची रंगीत तालीम! मग तिला विमा कंपनीच्या कचेरीत त्याच काळ्या जाळीत पाहा. नेफचे साहेब नॉर्टन तिला नवऱ्याने आत्महत्या केली असं सुचवतात, आणि ती दुखावलेल्या पत्नीचा संताप करून खोलीबाहेर निघून जाते. तो संताप अतिशय चोख आहे. थोडा जास्तच चोख. खऱ्या दुःखात वाक्यं अर्धवट राहतात, हिची सगळी पूर्ण होतात. स्टॅनविकने फिलिसचं नाटक चांगलं करून दाखवलं आणि त्यात केसाएवढी फट ठेवली, कीजसारख्याला वास लागावा एवढीच. खोट्या अभिनयाचा खरा अभिनय करताना किती खोटं ठेवायचं याचं हे मोजमाप मला आजही अचंबित करतं.

खुनाच्या दृश्यात काहीच हलत नाही असं तुम्ही म्हणता. ती गाडी चालवते आहे, नवरा शेजारी, नेफ मागे दडलेला. ठरलेल्या जागी ती तीनदा हॉर्न वाजवते. तिथून कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर राहतो. खून दाखवायला तेव्हाच्या नियमांची आडकाठी होती, पण या बंधनातून जे निघालं ते कुठल्याही रक्तापेक्षा भयंकर आहे. शेजारून नवऱ्याचा दबलेला आवाज येतो, ती समोर रस्त्याकडे बघत राहते. आता डोळे पाहा. आधी ते सताड उघडे आणि कोरडे असतात. मग तिथे काहीतरी निवतं. ओठांच्या कडा हसूपर्यंत पोचत नाहीत, पण मानेतला ताण उतरतो. फार दिवसांचं दुखणं थांबल्यावर माणसाला वाटतं तसं समाधान. हलायचं ते एवढंच हलतं, मोठ्या पडद्यावर पाहिलंत तर नक्की दिसेल. लॅपटॉपवर ते हरवतं याची मला खंत आहे.

दुकानातली दोन दृश्यंही जोडून पाहा. दोघं किराणा दुकानाच्या फळ्यांमध्ये उभं राहून कट करतात, एकमेकांकडे न बघता, डब्यांकडे तोंड करून. मधेच एक बाई नेफला वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगते आणि तो काढून देतो. दुसऱ्या वेळी फिलिसने काळा चष्मा लावलेला आहे. नेफ माघार घ्यायचं बोलतो तेव्हा ती चष्मा उतरवते आणि आता कुणी मागे फिरणार नाही, शेवटापर्यंत दोघांनी जायचं, असं सांगते. डोळे झाकलेले होते तोवर आवाज एकटा काम करत होता. चष्मा उतरला की आवाज आणखी खाली जातो, वाढत नाही. धमकी देताना आवाज चढवायचा नसतो हे कुणाला शिकवायचं असेल तर मी दुसरं काही दाखवत नाही.

शेवटच्या भेटीबद्दल माझं मत बऱ्याच जाणकारांशी जुळत नाही. अंधाऱ्या दिवाणखान्यात फिलिस त्याच्यावर गोळी झाडते, तो खाली न पडता पुढे येतो, आणि तिला दुसरी गोळी झाडवत नाही. ती म्हणते, मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नव्हतं, एका मिनिटापूर्वीपर्यंत, जेव्हा दुसरी गोळी झाडता आली नाही तेव्हापर्यंत. अनेकांना हे तिचं शेवटचं नाटक वाटतं. नेफलाही तसंच वाटतं. मला ते खरं वाटतं, आणि कारण वाक्यात नसून श्वासात आहे. अख्ख्या चित्रपटात तिची वाक्यं घडीव असतात, ठोक्यावर पडतात. इथे पहिल्यांदा ठोका सुटतो. मग नेफच्या मिठीत असताना तिला पिस्तुलाचा स्पर्श होतो आणि ती किंचित मागे सरून त्याच्याकडे बघते. त्या नजरेतलं आश्चर्य ठरवून आणलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना फसवलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी अनपेक्षितपणे गाठलं आहे.

प्रकाशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. छायाचित्रकार जॉन साइट्झ हा मूकपटांच्या काळापासूनचा. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर गजांसारख्या पडतात, आणि घरात धूळ तरंगताना दिसावी म्हणून त्याने हवेत धातूची बारीक चमकती भुकटी उडवली होती. युद्ध संपल्यावर अशा कितीतरी अमेरिकन चित्रपटांचा जथा पॅरिसमध्ये एकदम पोचला, आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यासाठी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हा शब्द वापरला. नटांच्या बाजूने यातलं महत्त्वाचं एवढंच, की अशा प्रकाशात हातवारे करणारा नट सावल्यांची रेघ मोडतो. स्थिर राहणारा माणूस तिच्यात अडकलेला दिसतो.

मात्र या चित्रपटात एक माणूस सपाट बोलत नाही, आणि त्याच्यामुळे बाकीच्या दोघांचं सपाटपण उठून दिसतं. तो म्हणजे कीज साकारणारा एडवर्ड जी. रॉबिन्सन. एके काळचा गँगस्टर नायक, इथे श्रेयनामावलीत तिसऱ्या क्रमांकावर यायला त्याला स्वतःचं मन वळवावं लागलं. कीजकडे लपवण्यासारखं काही नाही, म्हणून तो हात उडवतो, फेऱ्या मारतो, चिरूट चावतो, शब्दांची सरबत्ती करतो. नॉर्टनसमोर आत्महत्यांच्या आकडेवारीवरचं त्याचं भाषण आठवा: या एका विषयावर दहा खंड आहेत, वंश, व्यवसाय, ऋतू, दिवसाची वेळ, प्रकार आणि पोटप्रकार, आणि त्या सगळ्यांत ताशी १५ मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारल्याचं एकही उदाहरण नाही. वेग एवढा की दुसऱ्या कुणाची दमछाक झाली असती. रॉबिन्सन प्रत्येक प्रकारच्या आधी श्वासाची एक चिमूट घेतो आणि भाषण चढत नेतो. पाठांतराची स्पर्धा करणाऱ्या मुलांनी ते जरूर ऐकावं. पण त्याहून जास्त ऐकण्यासारखं म्हणजे त्या भाषणात दिसणारं कामावरचं प्रेम. हा माणूस आकड्यांवर कविता असल्यासारखा बोलतो.

या चित्रपटाला ऑस्करची ७ नामांकनं मिळाली, त्यात स्टॅनविकचं एक होतं, आणि पुरस्कार एकही नाही. मॅकमरे आणि रॉबिन्सन यांना तर नामांकनही नाही, यासाठी नाही आणि पुढे आयुष्यात कशासाठीच नाही. न दिसणाऱ्या कामाचं असं होतं हे मी आमच्या स्पर्धांमध्येही पाहत आलो आहे, आणि दर वेळी तेवढंच वाईट वाटतं.

तुम्हाला पुन्हा पाहायचा असेल तर या वेळी फिलिस आणि नेफला बाजूला ठेवा आणि फक्त काड्या पाहा. कीजजवळ चिरूट असतो, काडी कधीच नसते. तो खिसे चाचपतो, आणि दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याला पेटवून देतो. नेफच्या घराबाहेरच्या दृश्यात फिलिस उघड्या दाराआड श्वास रोखून उभी आहे, कीज जाता जाता थांबतो, आणि कशासाठी? काडीसाठी. त्या घराचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, तसं घरांत सहसा नसतं, पण तिला लपवायला ते तसं हवं होतं. मॅकमरे तिथे काडी ओढतो तेव्हा हात जराही कापत नाही.

वाइल्डरने नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिला जातो असा शेवट चित्रित केला होता. भरपूर खर्च करून, खऱ्यासारखा देखावा उभारून. मग तो काढून टाकला. त्याआधीच्या दृश्यात सगळं होऊन गेलं आहे हे त्याच्या लक्षात आलं. कचेरीच्या दारात नेफ कोसळलेला आहे, कीज त्याच्याजवळ बसलेला. नेफ म्हणतो, तू ज्याला शोधत होतास तो फार जवळ होता, टेबलाच्या अगदी पलीकडे. कीज म्हणतो, त्याहूनही जवळ. नेफ सिगरेट ओठांत धरतो, काडी काढतो, नखावर ओढायला जातो, आणि बोटांत जोर उरलेला नसतो. कीज ती काडी त्याच्या हातातून घेतो आणि स्वतःच्या नखावर ओढून पेटवतो. चित्रपटभर अखंड बोललेला रॉबिन्सन या वेळी एक शब्दही बोलत नाही.